‘बाई, पुढच्या महिन्यात नक्की भरतो’

पत्र: मी नाशिकची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वय ६७. यजमानांनी घेऊन ठेवलेला गंगापूर रोडचा एक गाळा त्यांच्या पश्चात माझ्या नावावर झाला. जून २०२३ पासून तो छत्तीस महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर एका क्लासला दिलाय. क्लास प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा आहे आणि कंपनीचा संचालक माझाच जुना विद्यार्थी. भाडं महिना ४०,०००, टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापायचा आयकर, वजा होऊन ३६,००० खात्यात येतात. अनामत २,४०,००० घेतली आहे. पहिल्या वर्षी काही तक्रार नव्हती. २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये मी ४८,००० टीडीएस दाखवून २२,९४० रुपये परतावा मागितला, तर डिसेंबरात उलट १३,०६० रुपये भरा असं आयकर खात्याचं इंटिमेशन (रिटर्न तपासल्यावरचं कळवणं) आलं. २६एएस, म्हणजे माझ्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून पाहिलं, त्यात एप्रिल ते जूनचे १२,००० सोडले तर पुढे काहीच नाही. फोन केला की तो म्हणतो, ‘‘बाई, पुढच्या महिन्यात नक्की भरतो.’’ अजूनही दरमहा ३६,०००च येतात. भाचा म्हणतो, पुढच्या वेळी रिटर्नमध्ये भाडं ३६,०००च दाखव, कटकट संपली. शेजारचे म्हणतात, भरून टाका, सरकारशी कुठे भांडत बसता. मे महिन्यात करार संपतोय. दर संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन येतो, पाया पडतो. त्याच्याशी या विषयावर कसं बोलू तेच कळत नाही.

उत्तर:

बाई,

मी तुमचा विद्यार्थी नाही, पण माझीही चौथीपर्यंतची शाळा झेडपीचीच, त्यामुळे ‘मॅडम’ काही तोंडात बसत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ मारली आहे: ‘अजूनही दरमहा ३६,०००च येतात.’ त्याच्याकडे येतोच. पण आधी तारीख. तुम्ही जोडलेल्या इंटिमेशनवर १९ डिसेंबर २०२५ आहे. त्यातल्या मागणीला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, म्हणजे १८ जानेवारी, आणि त्या दिवशी रविवार आहे. त्यानंतर न भरलेल्या मागणीवर महिन्याला एक टक्का व्याज सुरू होतं. तेव्हा विद्यार्थ्याशी काय बोलायचं याचा विचार करत असतानाच आयकर पोर्टलवरचं उत्तर टाकून मोकळ्या व्हा. लॉगइन केलं की ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ आहे. तिथे मागणी मान्य नाही हा पर्याय निवडायचा, कारण लिहायचं आणि कागद जोडायचे. भाच्याला याच कामाला लावा, रिटर्नच्या सल्ल्यापेक्षा तो इथे जास्त उपयोगी पडेल.

एक चूक बहुतेक जण करतात. घाईघाईने रेक्टिफिकेशन, म्हणजे इंटिमेशन दुरुस्त करण्याचा अर्ज, टाकतात. संगणक पुन्हा २६एएसच पाहणार, तिथे रक्कम नाही, म्हणून पुन्हा तेच इंटिमेशन छापणार. रेक्टिफिकेशन हातचं राखून ठेवा, भाडेकरूने पैसे भरल्यावर ते लागेल. त्याला चार वर्षांची मुदत असते, घाई नाही.

आता कारण काय लिहायचं? आयकर कायदा १९६१ चं कलम २०५. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा की ज्या उत्पन्नावर टीडीएस कापायला हवा होता आणि तो कापला गेला, त्या रकमेपुरता कर आयकर खातं तुमच्याकडून पुन्हा मागू शकत नाही. कापणाऱ्याने तो सरकारात भरला की गिळला, हा खात्याचा आणि त्याचा हिशेब. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या प्रकरणात हेच सांगितलं आहे: मालकाने पगारातून कर कापला, भरला नाही, तर वसुली मालकाकडून करा, नोकराकडून नाही. निकालाचा संदर्भ २९३ आयटीआर ५३९ (मुंबई), जसाच्या तसा टाइप करा (इथे आयटीआर म्हणजे रिटर्न नव्हे, निकालांचा संग्रह). शिवाय केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या पत्राने आणि ११ मार्च २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनाने स्वतःच्याच अधिकाऱ्यांना कळवलं आहे की अशा मागणीची सक्तीने वसुली करू नका. दोन्हींवरचा फाइल क्रमांक २७५/२९/२०१४-आयटी(बी). हा क्रमांक वाचला की टेबलामागच्या माणसाचा सूर बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तरीही मागणी पोर्टलवर लोंबकळत राहील आणि पुढच्या वर्षीच्या परताव्यातून ते पैसे वळते करून घेण्याची नोटीस येईल, अशी शक्यता धरून चला. कलम २४५ खालची ती नोटीस असते, उत्तराला २१ दिवस देतात. तिथेही हेच उत्तर. परताव्यातून वळतं करणं ही आडवाटेने केलेली वसुलीच आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलेलं आहे.

उत्तरासोबत काय जोडायचं? नोंदणी केलेल्या कराराची ४०,००० भाडं आणि टीडीएस कपात लिहिलेली पानं, बँकेचा दरमहा ३६,००० दाखवणारा उतारा, पहिल्या तिमाहीची २६एएसमधली नोंद. पण खरं वजन ज्याला आहे तो पुरावा तुमच्या फोनमध्ये पडून आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने ‘बाई, टीडीएस पुढच्या महिन्यात नक्की भरतो’ असं एकदा जरी लिहिलं असेल, तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. खातं पहिला प्रश्न हाच विचारतं की चार हजार कमी आले ते कर म्हणून कापले की भाडंच कमी दिलं? त्याचा हा निरोप म्हणजे कर म्हणून कापल्याची कबुली आहे. निरोप नसेल, सगळं फोनवरच झालं असेल, तर त्याच्या अकाउंटंटकडून तुमच्या नावाचा खातेउतारा सही-शिक्क्यासह मागून घ्या. तो देताना सहसा कोणी हात आखडता घेत नाही, कारण त्यात काय दडलंय हे देणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

इथेच भाच्याचा सल्ला किती महागात पडेल ते पाहा. रिटर्नमध्ये ३६,००० दाखवलं की तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं की भाडं तेवढंच होतं, कर कापलाच गेला नव्हता. मग कलम २०५ कशावर उभं राहणार? वर कायदा म्हणतो की कापलेला करही तुमचं उत्पन्नच, भाडं पूर्ण ४०,००० दाखवायचं. तुम्ही पूर्ण भाडं दाखवलंत आणि २६एएसमध्ये नसतानाही ४८,००० चं क्रेडिट मागितलंत, ते अगदी बरोबर केलंत.

शेजाऱ्यांचा सल्ला मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तेरा हजारांसाठी आयकर कार्यालयाच्या चार फेऱ्या, रिक्षाभाडं, रक्तदाब... माझेच काही व्यवसायबंधू अशिलाला सांगतात की भरा आणि झोपा. भरलेत तरी आभाळ कोसळत नाही. उद्या भाडेकरूने पैसे जमा केले की रेक्टिफिकेशनने ते परत मिळतात. पण आज भरलेत की विद्यार्थ्याच्या मानेवरचं ओझं तुम्ही आपल्या हाताने उतरवता, आणि मग तो ‘पुढचा महिना’ कधीच उजाडत नाही. म्हणून माझं मत, आत्ता भरू नका.

परताव्याबद्दल मात्र तुम्हाला गाफील ठेवत नाही. कलम २०५ मागणी अडवतं. तुम्ही मागितलेले २२,९४० हातात पडणं वेगळी गोष्ट. क्रेडिट देताना खातं म्हणतं, सरकारच्या तिजोरीत आलं तेवढंच देऊ. यावर उच्च न्यायालयात भांडून क्रेडिट मिळवलेले लोक आहेत, पण तेवीस हजारांसाठी त्या वाटेला कोण जाईल? तुमचा परतावा भाडेकरूने पैसे भरले की सुटेल, हीच व्यवहाराची बाजू आहे. म्हणजे फिरून गाडी त्याच्याच दारात.

त्याच्या दारात जाण्याआधी एक शंका फेडून घ्या. कदाचित त्याने पैसे भरलेही असतील. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, भाडेकरूला तीन वर्षं शिव्या घालत. कागद काढले तर टीडीएस नियमित भरलेला, फक्त वारलेल्या वडिलांच्या पॅनवर. अकाउंटंटने जुन्या खात्यातला पॅन तसाच उचलला होता. तुमचाही गाळा आधी यजमानांच्या नावावर होता. पहिल्या वर्षी नोंद बरोबर आली होती म्हणजे तसं असण्याची शक्यता कमी, पण मध्ये क्लासचा अकाउंटंट बदलला असेल तर काय सांगावं. कधी चलन भरलेलं असतं आणि २६क्यू हे तिमाही विवरणच दिलेलं नसतं. कधी पॅनचं एक अक्षर चुकलेलं असतं. या सगळ्याचा उलगडा एका प्रश्नाने होतो: चलनाचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि अनुक्रमांक काय? ज्याने भरलंय तो हे तीन आकडे पाच मिनिटांत पाठवतो. ज्याने भरलेलं नाही तो ‘सिस्टीममध्ये दिसत नाहीये’ म्हणतो.

आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचं प्रमाणपत्र, दिला म्हणून हुरळून जाऊ नका. खरा १६ए आयकर खात्याच्या ट्रेसेस या टीडीएसच्या संकेतस्थळावरूनच उतरतो, त्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. वर्डमध्ये टाइप करून शिक्का मारलेला कागद माझ्या टेबलावर वर्षातून दोनदा तरी येतो. त्याची किंमत रद्दीइतकीच.

आता त्या पेन्सिलीच्या रेघेकडे.

३१ मार्च २०२५ पर्यंत नियम असा होता की वर्षाचं भाडं २,४०,००० च्या वर गेलं की कंपनीने दहा टक्के कापायचे. तुमचं ४,८०,००० होतं, कपात रास्त होती. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा महिन्यावर आली: महिन्याचं भाडं ५०,००० पेक्षा जास्त असेल तरच कपात. तुमचं भाडं ४०,०००. म्हणजे बाई, गेल्या एप्रिलपासून तुमच्या भाड्यातून एक रुपयाही कापायचं त्याला कारण नाही! एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिने, ३६,००० रुपये. जुने अडकलेले ३६,००० आणि हे ३६,०००, आकडा सारखाच दिसतो म्हणून ती एकच रक्कम समजू नका. जुनी रक्कम आयकराची आहे. नवी रक्कम सरळ सरळ थकलेलं भाडं आहे.

हा फरक शाब्दिक नाही. कलम २०५ चं संरक्षण ‘जिथे कर कापायला हवा’ तिथलं आहे. जिथे कापायचाच नव्हता तिथे ते कामी येईल या भरवशावर राहू नका. येत्या जुलैत २०२५-२६ चं रिटर्न भराल तेव्हा या रकमेचं क्रेडिट मागायला जागा उरणार नाही, अर्थात त्याने ती खरोखर सरकारात भरलेली नसेल तर. त्याच्या अकाउंटंटने जुन्या सवयीने कापून भरलीही असेल, तर २६एएसमध्ये दिसेल, परतावा मिळेल, हरकत नाही. म्हणून त्याला दोनच पर्याय द्या: एक तर २६एएसमध्ये दाखव, नाही तर माझ्या खात्यात जमा कर. आणि जानेवारीचं भाडं पूर्ण ४०,०००.

हे सगळं तोंडी नको. शिक्षकी पेशात तुम्ही वह्या तपासताना समासात लाल शाईने लिहीत होतात ना, तसं थोडक्यात, तारीख घालून. नमुना देतो:

‘‘आपल्या कंपनीने जुलै २०२४ ते मार्च २०२५ या काळात माझ्या भाड्यातून दरमहा ४,००० प्रमाणे एकूण ३६,००० रुपये आयकर म्हणून कापले. ही रक्कम माझ्या पॅनवर जमा झालेली दिसत नाही. भरली असल्यास चलनांचा तपशील व २६क्यू विवरणाची पोच द्यावी. भरली नसल्यास पंधरा दिवसांत व्याजासह भरून, विवरण दाखल अथवा दुरुस्त करून ट्रेसेसवरचा फॉर्म १६ए द्यावा. एप्रिल २०२५ पासून या भाड्यावर टीडीएस लागू नसताना कापलेले ३६,००० रुपये भरल्याचा पुरावा द्यावा अथवा ती रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. जानेवारी २०२६ पासून भाडे कपातीविना द्यावे.’’

पत्र कंपनीच्या नावे, संचालकाच्या नावे नाही. ‘चि.’ लिहू नका, ‘आशीर्वाद’ही नको.

पत्रात धमकी घालायची गरज नाही, कायद्यानेच ती घातलेली आहे. त्याला एकदा शांतपणे हिशेब सांगा. कापून न भरलेल्या करावर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. जुलै २०२४ चे ४,००० या जानेवारीत भरले तर एकोणीस महिने झाले, व्याज १,१४०. विवरणच दिलं नसेल तर दिवसाला २०० रुपये उशिराचं शुल्क, त्या विवरणातल्या टीडीएसच्या रकमेपर्यंत. वर कंपनीच्या स्वतःच्या आयकरात, वेळेत न भरलेल्या टीडीएसमागच्या खर्चाचे तीस टक्के नामंजूर होतात, म्हणजे तुमच्या नऊ महिन्यांच्या ३,६०,००० भाड्यापैकी १,०८,०००. आणि कलम २७६बी आहेच: तीन महिने ते सात वर्षं सक्तमजुरी. मुलं शिकवणारा माणूस आहे, एवढ्या ओळी त्याला समजावून सांगाव्या लागणार नाहीत. क्लासवाल्याच्या जूनमधल्या फिया येतात, दिवाळीनंतर हात आखडतो, मग टीडीएसचे पैसे पगाराला जातात, हे मीही जाणतो. पण ते पैसे त्याचे नव्हतेच. ते त्याच्याकडे पोस्टमनकडे मनिऑर्डर असते तसे होते.

पंधरा दिवस गेले आणि काही हललं नाही, तर आयकर खात्याच्या टीडीएस विभागाला अर्ज. २६एएसमध्ये पहिल्या तिमाहीच्या नोंदीसमोर कंपनीचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, आहे, दहा अक्षरांचा. सुरुवात एनएसके ने असेल तर नाशिक, पीएनई असेल तर पुणे. क्लासचं मुख्य कार्यालय पुण्यात असेल तर अर्ज तिकडे जाईल, म्हणून आधी टॅन पाहून घ्या. अर्जात टॅन, महिनेवार रकमा, पत्राची प्रत. आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्क्याची ती प्रत पोर्टलवरच्या मागणीच्या उत्तराला पुन्हा जोडता येते.

अनामतीचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. ३१ मे ला करार संपेल तेव्हा २,४०,००० तुमच्या हातात असतील, आणि खरा जोर तिथेच आहे. मधेच परस्पर कापून घेऊ नका, तसं केलंत तर भांडण कराराचं होईल आणि तो शहाणा ठरेल. शेवटचा हिशेब लेखी करा: थकलेलं भाडं इतकं, न भरलेला टीडीएस इतका, १६ए मिळेपर्यंत एवढी रक्कम रोखून ठेवली आहे. आजच्या पत्रामुळे त्या हिशेबाला पाया मिळतो. नवा करार करायचा झाला तर त्यात एक कलम घाला, कापलेला टीडीएस तिमाहीच्या विवरणाच्या मुदतीत न भरल्यास ती रक्कम थकीत भाडं समजली जाईल. भाडं वाढवताना पन्नास हजारांची वेस ध्यानात ठेवा. बरोबर ५०,००० ला कपात नाही, ५१,००० केलंत की ५,१०० कापले जाणार. एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा येतोय, कलमांचे आकडे बदलतील, पण तुमचं २०२४-२५ चं प्रकरण जुन्याच कायद्याने चालेल.

राहिला त्याच्याशी बोलण्याचा प्रश्न. संक्रांत बुधवारी आहे, तो येईलच. पत्राच्या दोन प्रती काढून ठेवा. तिळगूळ घ्या, पाया पडला की नेहमीसारखा आशीर्वाद द्या, चहा ठेवा. चहा होईपर्यंत एक प्रत त्याच्या हातात द्या आणि दुसरीवर ‘मिळाले’ लिहून सही, तारीख आणि कंपनीचा शिक्का मागा. शिक्का जवळ नसेल तर सही पुरे.